फळी आणि पर

गेल्या महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याहून आमच्या नातवाचें पत्र आलें. पोर्टलंड बंदरांत विंडसर्फिंग करतांना, म्हणजे शीड लाविलेल्या फळीवरून पाण्यावर धांवतांना, तो पडला व त्याचा खांदा दुखावला. सूनबाईंचें म्हणणें, ती फळी आधीं विकून टाक. मला मात्र प्रश्न पडला, दोष फळीचा कीं जोडीचा?

या फळीच्या तळाशीं, मागील टोकाजवळ, माशाच्या परासारखें एक पातें असतें. त्यास फिन म्हणतात. वारा शिडास पुढें ओढतो तसाच आडवाही ढकलतो. तो आडवा रेटा पाण्यांत अडवून धरणें हें पराचें काम. पराचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला कीं तोच रेटा चतुर्थांश क्षेत्रफळाचा पर पेलतो, आणि वाजवीपेक्षां मोठा पर पाण्याशीं घासून वेग खातो. नामिबियांतील ल्यूडेरिट्झ येथें २०१५ सालीं फ्रान्सच्या अँत्वान आल्बो यानें ५०० मीटरांच्या धांवेंत सरासरी ५३.२७ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें ९८.७ किलोमीटर, वेग नोंदविला. तेथील आखूड पर पाहून आमच्या चिरंजीवांनींही तसाच एक विकत घेतला व आपल्या ८० सेंटिमीटर रुंद फळीस बसविला!

वाचकहो, त्यानें धडा अर्धाच वाचला. पर फळीखालीं खोलवर जोर लावतो, त्यामुळें फळीची वाऱ्याकडील कड उचलूं लागते. ती पायांनीं दाबून धरावी लागते. फळी रुंद असली कीं पाय मध्यरेषेपासून दूर पडतात व तरफेचा भुज लांब होतो. म्हणून तशा फळीस ४५ सेंटिमीटरांच्या आसपास लांबीचा पर साजतो. तोच पर वेगाच्या अरुंद फळीस बसविला तर तिची कड आवरणार नाहीं. तिला त्याच्या निम्मा पुरतो. व्याकरणांतील इतरेतर द्वंद्वाप्रमाणें येथें दोन्ही पदें प्रधान. (माझे जुने विद्यार्थी हंसतील, हंसोत.)

आमच्याकडे उलट घडलें. रुंद फळीवरून पायांनीं दिलेला रेटा इवल्याशा परास झेपेना. त्याच्या एका अंगाचा दाब उतरला, वरून हवा ओढली गेली, पकड सुटली आणि फळीचें शेपूट आडवें घसरलें. शिवाय ल्यूडेरिट्झचें पाणी म्हणजे मुद्दाम खणलेला अरुंद चर. लाट जवळजवळ नाहींच. धांव एकाच दिशेची, म्हणून दोन्ही अंगांनीं असमान असे परही तेथें चालतात. आणि आखूड परास आरंभीं पकड नसते. फळी वाऱ्याच्या ओघांत सोडून आधीं वेग घेऊं द्यावा लागतो, पायांचा भार मागाहून.

नातवास मीं लिहिलें, फळी विकूं नकोस. जुना लांब पर पुन्हां बसव. अरुंद फळी व सपाट पाणी दोन्ही मिळेपर्यंत नवा पर पेटींत राहूं दे. सूनबाईंनीं पत्र वाचलें व खालीं आपल्या हातानें जोडलें, “खांदा पुरता बरा झाल्यावर.”