माहेरची साडी आणि माहेरचा सात-बारा

आपल्याकडे काही सिनेमे 'बायकांचे' म्हणून ओळखले जातात. 'माहेरची साडी' बायकांचा, 'हम आपके है कौन' बायकांचा, 'बाईपण भारी देवा' तर बायकांचाच. पुरुष मंडळी तिकिटे काढून देतात आणि 'जा, रडून या' म्हणतात, किंवा 'जा, नाचून या' म्हणतात. मी हे सगळे सिनेमे पाहिले आहेत. काही धुळ्याला पाहिले, काही जळगावला, अलीकडचे दोन घरी मोबाईलवर. माझे माहेर शिंदखेडा तालुक्यातले, सासर जळगावचे. सिनेमा कसा पाहावा हे मला कोणी शिकवलेले नाही. छायाचित्रण, संकलन यातले मला कळत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे एक प्रश्न मात्र विचारता येतो, आणि तो मी प्रत्येक सिनेमाला विचारते : या बाईला माहेराकडून काय मिळाले? साडी की सात-बारा?

मैत्रिणींनो, हा प्रश्न कोरडा वाटेल. पण जरा विचार करा. पडद्यावरची बाई मार का खाते? टोमणे का सोसते? दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचे पाय का दाबते? कारण प्रत्येक कथेत कुठे ना कुठे एक वाक्य असते, बोललेले किंवा न बोललेले : 'परत जाऊ कुठे?' या एका वाक्यावर अर्धा हिंदी आणि पाऊण मराठी सिनेमा उभा आहे. तिच्या नावावर दोन एकर जमीन असती तर पहिल्या अर्ध्या तासातच सिनेमा संपला असता.

'माहेरची साडी' १९९१ साली आला. विजय कोंडकेंचा सिनेमा, अलका कुबल नायिका. गावोगावच्या बायका घोळक्याने गेल्या आणि पदर भिजवून परत आल्या. जन्मताच आई गेली म्हणून बाप जिला अपशकुनी ठरवतो, सासू जिचा छळ करते, अशी ही मुलगी. आमच्यातल्या काही शहरी कार्यकर्त्या या रडणाऱ्या बायकांना हसत. मला ते कधीच पटले नाही. त्या बायका अलका कुबलसाठी रडत नव्हत्या. घरात रडले तर 'काय झालं रडायला?' असे विचारणारे दहा जण. थेटरात अंधार असतो आणि तीन तास कोणी विचारत नाही. ते रडणे खरे होते, त्याची किंमत होती. माझी तक्रार रडणाऱ्यांबद्दल नाही, त्या रडण्याचे सिनेमाने काय केले याबद्दल आहे.

सिनेमाने गुन्हेगार म्हणून सासू दाखवली. म्हणजे एक बाईच. ज्या बापाने पोटच्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हटले, त्याला पश्चात्तापाचे अश्रू दिले की तो सुटला. १९८३ सालीच भारतीय दंडविधानात ४९८ अ कलम आले होते. सासरच्या छळाला कायद्याने गुन्हा म्हटल्याला आठ वर्षे झाली होती. या सिनेमाने बाईला पोलीस चौकीची वाट दाखवली नाही, वकिलाची दाखवली नाही, माहेरच्या घरातल्या एका खोलीवर हक्क सांगायची तर नाहीच नाही. शेवटाला तिच्या वाट्याला मरण येते आणि मायेची साडी येते. बापाच्या मायेला आयुष्यभर भुकेल्या मुलीची भूक एका लुगड्यावर भागवायची, आणि बघणाऱ्या हजारो जणींनी त्यातच धन्यता मानायची! पुढे १९९८ साली 'फायर' या सिनेमावरून मुंबईत थेटरे फोडली गेली, कारण म्हणे त्याने संस्कृती बुडत होती. दोन बायकांनी एकमेकींवर प्रेम केले तर संस्कृती बुडते. एक बाई सोसून सोसून मेली तर संस्कृती तरते, आणि सिनेमा चालतो.

१९९४ साली दोन गोष्टी घडल्या. जून महिन्यात महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. अर्थात कायदा लागू होण्याआधी ज्यांची लग्ने झाली होती त्यांना वगळूनच. आणि ऑगस्टमध्ये 'हम आपके है कौन' लागला. पहिली गोष्ट खानदेशातल्या किती बायकांना कळली? दुसरी मात्र सगळ्यांना कळली. माधुरीच्या जांभळ्या साडीसारखी साडी दुकानादुकानांत आली. कायद्याची प्रत कुठल्याच दुकानात आली नाही.

तो सिनेमा गोड आहे, गाणी गोड आहेत, मी नाकारत नाही. पण कथा आठवा. थोरली बहीण मरते. तिच्या तान्ह्या बाळासाठी धाकटीने मेव्हण्याशी लग्न करावे असे दोन्ही घरची वडीलधारी ठरवतात. मुलीच्या मनात दुसरा आहे. ती बोलते का? नाही. शिकलेली, हजरजबाबी मुलगी चिठ्ठी लिहिते आणि ती कुत्र्याच्या स्वाधीन करते. कुत्रा ती नेमकी योग्य माणसाकडे नेतो म्हणून तिचे आयुष्य वाचते. सुखी भारतीय कुटुंबात मुलीच्या मनातले बोलायला एक कुत्रा लागतो, हे दिग्दर्शकाने इतक्या हसतखेळत सांगितले की कोणाला खटकले नाही. आपल्याकडच्या मुलींच्या घरी असा कुत्रा नसतो, एवढाच फरक.

आता 'उंबरठा'. डॉ. जब्बार पटेल यांचा १९८२ चा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून घेतलेला. नायिका स्मिता पाटील, आपल्या शिरपूरच्या घराण्यातली. तिचे वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, धुळे जिल्ह्याचे पुढारी. म्हणून आम्हा धुळेकरणींना ती जरा जास्तच आपली वाटते. सुलभा महाजन महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घर सोडून जाते, तिथली घाण बघते, लढते, हरते, परत येते. आल्यावर कळते की नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे. ती पुन्हा बाहेर पडते. पुष्कळ जणींना हा शेवट कठोर वाटला. मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. सुलभाला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. घर श्रीमंत आहे, माणसे सुसंस्कृत आहेत. फक्त त्या घरात तिचे काही नाही. कादंबरीचे नाव 'बेघर' होते, ते उगीच नाही. तरीही सुलभाजवळ पदवी होती, नोकरीची शक्यता होती. जिच्याजवळ फक्त दोन हात आणि विळा आहे तिने उंबरठा ओलांडून कुठे जावे, हे त्या सिनेमाला विचारायचे राहिलेच. तो प्रश्न आपला आहे.

मग 'सैराट', २०१६. नागराज मंजुळेंच्या या सिनेमावर पुष्कळ लिहिले गेले, मी एकाच गोष्टीबद्दल लिहिते. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते. बापाच्या ट्रॅक्टरवर बसून ती परशाच्या घरी जाते तेव्हा थेटरातल्या पोरी शिट्ट्या मारत होत्या. पण ट्रॅक्टर चालवणे वेगळे आणि ट्रॅक्टरच्या कागदावर नाव असणे वेगळे. पाटलाच्या पोरीला सगळे काही वापरायला मिळते, मालकीचे काहीच नसते. खालच्या मानलेल्या जातीतल्या मुलाचा हात धरला त्या दिवशी तिला हे कळते. आणि शेवट बघा. भाऊ येतो तो आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. आर्ची आनंदाने चहा ठेवते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या सिनेमात माहेरची भेट हाच सुखाचा शेवट होता. मंजुळेंनी ती भेट मारेकऱ्यांच्या हातात दिली. माहेरच्या मायेला जातीची आणि इज्जतीची अट असते, हे इतक्या स्पष्टपणे मराठी सिनेमात दुसऱ्या कोणी सांगितलेले मी पाहिले नाही. 'सैराट' म्हणजे गाणी आणि 'धडक' म्हणजे त्याची श्रीमंत नक्कल, एवढेच ज्यांना आठवते त्यांनी तो शेवट पुन्हा बघावा.

२०२३ साली 'अ‍ॅनिमल' आला. तीन तास एकवीस मिनिटे. आमच्या घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलांनी तो दोन दोनदा पाहिला म्हणून मीही पाहिला. त्यातल्या रक्ताबद्दल आणि बूट चाटायला सांगण्याबद्दल सगळे बोलले. मला वेगळेच दिसले. हा सगळा सिनेमा बापाच्या गादीचा आहे. मुलगा बापावर प्रेम करतो, बापासाठी मारतो, बापाची कंपनी राखतो. बहिणीला कोणी छेडले म्हणून शाळकरी वयात बंदूक घेऊन धावतो. पुढे त्याच बहिणीच्या नवऱ्याला तो ठार करतो. त्या बहिणीला काय वाटते, याला इतक्या लांबलचक सिनेमात कितीशी जागा आहे? बहिणीचे रक्षण भाऊ करणार, बहिणीचा निकालही भाऊच लावणार. आणि हे काही परदेशातले नाही. मुलीला छेडले म्हणून हाणामारी करणारे भाऊ आपल्या गल्लीतही आहेत. त्याच बहिणीने बांधाला हात लावून बघावा!

त्याच वर्षी 'बाईपण भारी देवा'. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, झुंडीने गेल्या. मीही गेले. आम्ही वीस जणी होतो आणि आम्हाला मजा आली. बायकांनी स्वतःसाठी संध्याकाळ काढली, घरी आयता स्वयंपाक कोणी मागितला नाही, ही छोटी गोष्ट नाही. पण मंगळागौर आपल्या कष्टकरी बायकांची कधी होती? आपली कानबाई, आपली आखाजीची गौराई, झाडाला बांधलेले झोके. शिवाय सहा बहिणी एकत्र आल्या आणि काय केले, तर स्पर्धेत नाचल्या. सहा बहिणी एकत्र येऊन तलाठ्याकडे गेल्या असत्या तर? तो सिनेमा कोणी काढत नाही.

नाही म्हणायला २०२४ च्या 'लापता लेडीज'मध्ये त्याची चाहूल लागली. किरण राव यांच्या या सिनेमातली जया नावाची नवरी पळते ती कोणा प्रियकरासाठी नाही, तिला सेंद्रिय शेती शिकायची असते. शेती! खुरपणारी, कापूस वेचणारी, केळीचे घड वाहणारी बाई आपण रोज पाहतो. शेती शिकून ती स्वतः करू म्हणणारी नायिका पडद्यावर मी पहिल्यांदा पाहिली.

लोक म्हणतील, 'बाई, सिनेमा करमणूक आहे, त्यात सात-बारा कशाला? आणि बायकांनाच हे आवडते.' आवडते, कारण ताटात दुसरे वाढलेले नाही. आणि करमणूक निरुपद्रवी असती तर साडीची फॅशन आली नसती, पोरांनी 'अ‍ॅनिमल'सारखे केस वाढवले नसते. जे साडीपर्यंत पोचते ते मनापर्यंतही पोचते. 'भाऊ सुखी तर माहेर सुखी' हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. पडद्याने शिकवले, जात्यावरच्या गाण्यांनी शिकवले, आईने शिकवले.

याचा हिशेब कुठे दिसतो? २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. बागायतीचा, सोन्याच्या पेठेचा, शिकलेला जिल्हा. मुलगी म्हणजे हुंडा आणि लग्नखर्च, मुलगा म्हणजे जमिनीचा वारस, हे गणित आहे तोवर गर्भातच निकाल लागणार. २००५ साली केंद्राच्या कायद्याने लग्न झालेल्या मुलींनाही बरोबरीचा हक्क दिला. बाप २००५ मध्ये जिवंत असो वा नसो, हक्क जन्माने आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. कागदावर आता पळवाट उरली नाही. म्हणून पळवाट आपल्या हातून काढून घेतली जाते, हक्कसोड पत्रावर. बापाचा दहावा होतो न होतो तोच बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. येताना साडी घेऊन देतात. माझ्या आत्यांना अशीच साडी मिळाली होती, दोघींना एकाच ताग्यातली. साक्रीकडच्या एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाली, 'हिस्सा मांगा ते माहेर तुटी जाई, ताई.' तिची भीती खोटी नाही. पण जे माहेर हिस्सा मागताच तुटते ते आधी जोडलेले कशाने होते? साडीनेच ना?

आखाजीला आपण माहेरी जाणार आहोत. झोके घ्या, गाणी म्हणा, पुरणपोळी-आमरस खा. सिनेमाही बघा, रडायचे तर रडा. भावाने साडी दिली तर घ्या, मायेने दिलेली वस्तू नाकारू नये. पण घडी मोडण्याआधी एवढेच विचारा, 'दादा, बापूंचा सात-बारा काढून आणलास का? त्यावर माझे नाव आहे का?' आणि कोणी पुढ्यात कागद सरकवला तर वाचल्याशिवाय, दुसऱ्या बहिणीला विचारल्याशिवाय सही करू नका. अंगठाही देऊ नका.