मामांचा विजयदुर्ग

डिसेंबर लागला की कोलकात्यातल्या मराठी घरांत गाद्यांना ऊन दाखवायला सुरुवात होते. थंडीसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी. माझे पाहुणे कालीघाट, व्हिक्टोरिया आणि रसगुल्ला ही तीन तीर्थं दीड दिवसात उरकतात आणि दुसऱ्या दुपारी "आता काय?" म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसतात, हे या सदराच्या जुन्या वाचकांना तोंडपाठ आहे. यंदा मामा आले. त्यांचं तसं नव्हतं. शालिमारला गाडीतून उतरले, आंब्याच्या साटांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि तब्येतपाणी विचारायच्या आधी म्हणाले, "आमचो विजयदुर्ग हंयसर इलो म्हणतत. तो खंय?"

मामा देवगड तालुक्यातले. वय एक्क्याऐंशी. त्यांच्या पडवीत उभं राहिलं की किल्ल्याचा बुरूज दिसतो, त्यामुळे त्या किल्ल्याबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात, म्हणजे बहुतेक वेळा चिडूनच.

हकीकत अशी. इथल्या फोर्ट विल्यमचं नाव लष्कराने डिसेंबर 2024 पासून 'विजय दुर्ग' केलं, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. दक्षिणेकडचं सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट झालं. याच शहराने 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या धास्तीने स्वतःभोवती खंदक खणायला घेतला होता. सात मैलांचा बेत, तीन मैलांवर काम थांबलं. मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत आणि बुजवलेल्या खंदकावर पुढे सर्क्युलर रोड झाला. आपला 'बारगीर' इथे 'बर्गी' होऊन अंगाईत जाऊन बसला, तो अजून तिथेच आहे. बागबाजारात 'मराठा डिच लेन' आहे. मी मराठी म्हटल्यावर तिचा पत्ता मला इतक्या जणांनी आपुलकीने सांगितला आहे, जणू ते माझं माहेरच.

तर आम्ही निघालो. पिवळ्या टॅक्सीत बसलो आणि मामांच्या मानासाठी मी ठणठणीत आवाजात 'विजय दुर्ग' म्हटलं. बंगालीत त्याचं 'बिजॉय दुर्गो' होतं. ड्रायव्हरने त्यातलं 'दुर्गा' तेवढं उचललं आणि आरशातून माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. दीदी, म्हणाला, देवीचं विसर्जन होऊन दोन महिने झाले, आता तुम्हाला कुठल्या मांडवात नेऊ? मी किल्ला म्हटलं, मैदान म्हटलं, हाताने बुरूज काढून दाखवले. शेवटी हळूच 'फोर्ट विल्यम' म्हटलं आणि गाडी लगेच हलली. मामांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुढचा प्रकार आणखी वाईट. फोर्ट विल्यम रस्त्यावरून दिसतच नाही. प्लासीनंतर क्लाइव्हने 1758 मध्ये काम काढलं ते संपायला 1781 उजाडलं. ताऱ्याच्या आकाराचा, जमिनीलगत दबा धरून बसलेला किल्ला. शत्रूच्या तोफेला उभी भिंत सापडू नये अशी त्याची सगळी रचना. आत लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे, तुम्हाआम्हाला तिथे काम नाही. बाहेरून दिसतो तो हिरवळीचा उतार, झाडं, आणि उतारापलीकडे काहीतरी असावं असा संशय.

"तट खंय?"

"हाच, मामा."

"ह्यो? ह्यो तर बांध." मग बराच वेळ गप्प बसून, "किल्लो कधी लपता?"

मला त्यांचं म्हणणं पटलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. समुद्रातून तीन तटबंद्या एकामागे एक चढत जाताना ज्याने रोज सकाळी दात घासता घासता पाहिल्या, त्याला हिरवळ दाखवून विजयदुर्ग म्हणायचं म्हणजे लग्नाला बोलावून लिमलेटची गोळी हातावर ठेवण्यासारखं.

भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना सियालदाहून लोकलने डायमंड हार्बरला नेलं. खरं तर या आठवड्याचा लेख तिथल्या किल्ल्यावरच लिहायचा होता, शीर्षकही ठरलं होतं. हुगळी तिथे इतकी रुंद होते की पलीकडचा काठ धुक्यात पुसट होतो. मामा तिला नदी मानायला तयार नव्हते आणि रंग बघून समुद्र मानायलाही तयार नव्हते. काठावर चिंग्रीखालीचा किल्ला आहे, म्हणजे होता. लोक त्याला 'पुरोनो केल्ला' म्हणतात. नदीवर तोफा रोखायला इंग्रजांनी तो बांधला आणि नदीने तो जवळजवळ खाऊन संपवला. विटांच्या भिंतींचे अख्खे तुकडे चिखलात कुशीवर पडलेत. पलीकडे सहलीच्या मंडळींचा साउंडबॉक्स, थर्माकोलच्या ताटल्या, मटणाचा वास.

"गे, ह्यो किल्लो की मोडलेली वीटभट्टी?"

मी सांगितलं, इथल्या गाळाच्या मुलखात दगड कुठून आणणार, म्हणून सगळं विटांचं. मामांनी दगड नसलेल्या मुलखाकडे एकदा दयाळू नजर टाकली. तेवढ्यात चहावाल्याने भांड्यात चहा ओतता ओतता आम्हाला किल्ल्याचा 'खरा' इतिहास सांगितला. हा हर्मादांचा किल्ला. हर्माद म्हणजे पोर्तुगीज चाचे. 'आर्माडा'चं बंगालीत हर्माद झालं, जसं बारगीराचं बर्गी, आणि आज ती राजकारणातली शिवी आहे. त्यांनी माणसं पकडून इथल्या तळघरात कोंडली, आणि तळघरातून एक भुयार निघतं ते थेट... कुठे, ते गिऱ्हाइकागणिक बदलत असावं. हर्मादांनी सतराव्या शतकात या खाडीमुलखात माणसं पकडून विकली हे खरं. हा किल्ला त्यांचा, हे मात्र नाही.

"खोटा," मामा म्हणाले. "लोक कायव सांगतत."

इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, "आणि लॉकियरसाहेब?"

ज्यांनी माझा 'साहेबाचे ओटे' वाचला नसेल त्यांच्यासाठी: विजयदुर्गावर काही ओटे आहेत. नॉर्मन लॉकियर या साहेबाने 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण तिथून पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला, असं आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगतं. दर 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. ते ग्रहण कोकणातून दिसलं होतं, ओटे आहेत, हेलियमही आहे. फक्त लॉकियर नव्हता. ग्रहण पाहायला आलेला जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता, आणि लॉकियरने ती पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवायच पाहिली. हे मी छापल्यावर मामा माझ्याशी दीड वर्ष बोलले नव्हते. आता डायमंड हार्बरच्या चिखलात ते पुन्हा गप्प झाले. नदीकडे बघत उरलेला चहा त्यांनी ओतून दिला.

वास्तविक त्या पडलेल्या विटा बघून मला वेगळंच बोलायचं होतं. 2020 च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या समुद्राकडच्या तटाचा काही भाग ढासळला, तेव्हा मामांनी मला रात्री साडेअकराला फोन केला होता. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात विजयदुर्ग आहे, तेव्हाही फोन आला, पण सकाळी. नावाला लाटा लागत नाहीत, म्हणून ते कोलकात्यापर्यंत पोचलं. तट जिथल्या तिथेच मार खात उभा आहे. पण हे मामांना कोण सांगणार? ते त्यांनीच मला शिकवलेलं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांना सेंट जॉन्स चर्चच्या आवारात नेलं. लोक तिथे जॉब चार्नॉकची कबर बघायला जातात. मी त्यांना दुसरीच दाखवली, ॲडमिरल वॉटसनची. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांवर स्वारी केली, तेव्हा समुद्रातून विजयदुर्गावर तोफा डागल्या त्या वॉटसनने, आणि सोबत होता क्लाइव्ह. एक गोळा एका जहाजावर पडला, आग लागली, आणि एकमेकांना बांधलेलं आंग्र्यांचं सगळं आरमार जळून गेलं. त्याच दोघांनी 2 जानेवारी 1757 ला सिराजउद्दौलाकडून कोलकाता परत घेतलं. जूनमध्ये प्लासी. त्यानंतर क्लाइव्हने जो नवा किल्ला बांधायला काढला, त्यालाच आज विजयदुर्ग म्हणायचं.

मामा हे सगळं उन्हात उभे राहून ऐकत होते. पेशव्यांपाशी त्यांनी हूं म्हटलं, बाकी काही नाही. मग विचारलं, "हो कधी मेलो?"

"16 ऑगस्ट 1757. इथेच, तापाने. वय त्रेचाळीस."

मामांनी बोटांवर महिने मोजले. विजयदुर्ग जाळल्यापासून जेमतेम अठरा. त्यांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा खुलला. "ताप खंयचो! रामेश्वरान बघून घेतल्यान तेका."

गिऱ्याचा रामेश्वर त्यांच्या पंचक्रोशीतला. त्याचा हात कोलकात्यापर्यंत पोचतो की नाही यावर मी काही बोलले नाही. लॉकियरने दीड वर्षं खाल्ली होती, आता मामांकडे आणि माझ्याकडे तेवढी शिल्लक नाही. चर्चमधून बाहेर पडेपर्यंत ही गोष्ट आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली होती. शालिमारला गाडी सुटेपर्यंत ती गावच्या ग्रुपवर पोचली, आणि काल मला ती एका अनोळखी नंबरवरून फॉरवर्ड होऊन आली. त्यात रामेश्वराने वॉटसनला आदल्या रात्री दृष्टांतही दिला होता.

तेव्हा विजयदुर्गला गेलात आणि कुणी तुम्हाला वॉटसनच्या शापाची परंपरागत आख्यायिका सांगितली, तर लक्षात असू द्या, ती गेल्या गुरुवारची आहे.