छत्री धरणारा

माउलींची पालखी दिवेघाट चढते, त्याचे चित्रण करायला भाचा निघाला. छत्री धरायला मी! कॅमेरा त्याचा स्वतःचा, परंतु चालताना चित्र हलू नये म्हणून लावायचा गिंबल भाड्याचा. अनामत म्हणून त्याने शिकवण्यांची सारी कमाई ठेवलेली.

घाटात सर आली. मी तत्परतेने सगळ्यालाच प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली. झाले! यंत्र थरथरू लागले.

"मामा, सोडा ती! मोटारींना फिरायला जागा हवी!"

गिंबलच्या तीन मोटारी कॅमेऱ्याचा तोल सावरतात. पिशवी अडकली, की त्या तिच्याशीच झुंजत तापतात. भाच्याने पिशवी कॅमेऱ्यापुरतीच बांधली, यंत्र बंद करून तोल पुन्हा साधला. मोटारींवर माझी छत्री. मराठीच्या प्राध्यापकाचा इतका उपयोग कॉलेजात क्वचितच होतो.

तरी थोडे भिजलेच. घरी सौभाग्यवतींनी तांदळाचा डबा पुढे केला. भाचा म्हणाला, "नको मामी, पीठ सांध्यांत शिरेल." मी 'चालते का' पाहायला बटण दाबणार, तोच त्याने माझा हात धरला. बॅटरी काढून, पुसून, गिंबल रात्रभर पंख्याखाली.

दुसऱ्या संध्याकाळी बटण दाबले. कॅमेऱ्याने अलगद मान वर उचलली. अनामत परत मिळाली. माझी छत्री अद्याप भाच्याकडेच आहे.