मामा, प्रिंटर कुठला घेऊ?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. नवा कॅमेरा घेतलाय, पावसात ताम्हिणीला जाऊन चारशे फोटो काढलेत, आणि आता साहेबांना घरच्या घरी 'एकदम क्वालिटी' प्रिंट काढायच्या आहेत.

"मामा, प्रिंटर कुठला घेऊ? तीन मॉडेल निवडलीत. लिंक पाठवतो."

"लिंका नंतर पाठव," मी म्हटलं. "आधी सांग, गेल्या वर्षभरात फोटोच्या किती प्रिंट काढल्यास?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "पासपोर्ट साइझ धरायचे का?"

हसलो खरा, पण हसायचा अधिकार मला नाही. २००९ साली मी स्वतः हेच केलं होतं. तपकीर गल्लीतून एक फोटो प्रिंटर उचलून आणला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीच. पहिल्या आठवड्यात तीस-चाळीस प्रिंट काढल्या, सोसायटीत दाखवून आलो. मग कार्ट्रिज संपली. नवा संच घ्यायला गेलो तर त्याची किंमत प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त! पुढे प्रिंटरवर कापड पडलं. मे महिन्यात गावाला गेलो, महिन्याने परत येऊन चालू केला तर प्रत्येक फोटोवर आडवे पांढरे पट्टे. हेडची बारीक भोकं वाळलेल्या शाईने बुजली होती. ती साफ करण्यासाठी मशीन जी 'हेड क्लीनिंग' करतं, त्यातही शाईच जाते. म्हणजे शाई वापरली नाही म्हणून हेड बंद, आणि ते उघडायला पुन्हा शाई. शेवटी तो प्रिंटर भंगारवाल्याने नेला.

त्यानंतर माझं मत पक्कं झालं की घरी फोटो प्रिंटर हा शुद्ध वेडेपणा आहे. कोपऱ्यावरची लॅब झिंदाबाद. आणि हे मत अगदीच चुकीचं नव्हतं. चांगल्या लॅबमधली प्रिंट शाईची नसतेच. प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर लेझरने फोटो उमटवून तो रसायनांत धुतात. रंग सलग येतो, ठिपके दिसत नाहीत, खर्च थोडा, आणि हेड तुंबण्याची काळजी लॅबवाल्याची. वर्षाला शंभर-दीडशे फोटो काढणाऱ्याने दुसरा विचारच करू नये असं मला आजही वाटतं.

मग माझं मत बदललं कशाने? आत्याच्या फोटोने.

आमचं जुनं घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या घरातलं जे काही खालच्या मजल्यावर होतं ते सगळं गेलं. फोटोंची पेटी त्यातच. दुसऱ्या दिवशी चिखल उपसताना आजीला एक फोटो सापडला. वाड्याच्या दारात उभे आजोबा आणि त्यांचं बोट धरून दहा-अकरा वर्षांची आत्या. आजीने तो बादलीत विसळला आणि दोरीवर वाळत घातला. कोपऱ्यात गाळाचा तपकिरी डाग आहे, बाकी फोटो जसाच्या तसा. त्यानंतर दोनच वर्षांनी आजोबा गेले. आमच्या घरात आजोबा म्हणजे तो एक फोटो.

आत्याला पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी तिचा एक छान फोटो काढला. खिडकीजवळचा उजेड, नऊवारी, तोंडावर तिचं ते मिश्कील हसू. म्हटलं, मोठा करून त्या जुन्या फोटोशेजारी लावू. लॅबमध्ये दिला. दुसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर आत कुणीतरी दुसरीच बाई! चेहरा उजळलेला, सुरकुत्या पुसलेल्या. 'करेक्शन' केलं म्हणे, सगळ्यांना तसंच आवडतं.

आत्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "अरे, लग्नात पावडर थापूनसुद्धा मी एवढी गोरी झाले नव्हते. आता पंचाहत्तरीला केलीस होय!"

सगळे हसले. मग थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "रंग आप्पांचा होता माझा."

तेवढंच. पण मला ते लागलं. ज्या फोटोशेजारी हा लावायचा होता, त्यातल्या माणसाशी तिचं जे साम्य होतं तेच कुणीतरी न विचारता पुसून टाकलं होतं. 'करेक्शन करू नका' असं लॅबला सांगता येतं, आणि सांगावंच. मी सांगितलंही. पुढच्या वेळी काउंटरवर दुसरा मुलगा होता...

त्या आठवड्यात मी पुन्हा प्रिंटर बघायला लागलो. या वेळी जरा शहाण्यासारखा.

दरम्यान एक मोठा बदल झाला होता. कार्ट्रिजच्या जागी शाईच्या टाक्या आल्या होत्या. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात असा प्रिंटर पहिल्यांदा आणला आणि मग तो आपल्याकडेही आला. बाटलीने शाई भरायची. मशीन महाग, शाई स्वस्त. जुना हिशेब बरोब्बर उलटा झाला. त्यामुळे आता भरपूर छापणाऱ्याला घरचा प्रिंटर परवडतो. न छापणाऱ्याला मात्र तो आजही परवडत नाही, कारण हेड तेव्हाही वाळायचं आणि आताही वाळतं.

दुसरी गोष्ट रंगांची. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये चार शाया असतात. फोटोसाठी सहा हव्यात. एप्सनच्या एल ८०५० मध्ये नेहमीच्या चारांखेरीज फिका निळा आणि फिका गुलाबी असतो. त्यामुळे गालावरच्या उजळ भागात ठिपके दिसत नाहीत. कॅनॉनच्या जी ५७० मध्ये लाल आणि करडा दिलाय. करड्यामुळे कृष्णधवल फोटोत हिरवट-गुलाबी झाक कमी येते. पुण्याला ही गोष्ट नवी नाही म्हणा. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इथे चित्रशाळा काढली आणि तिथली रंगीत शिळाछाप चित्रं घराघरांच्या भिंतींवर गेली. त्या छपाईतही प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रंग जितके जास्त तितकी चेहऱ्याला कांती, हे तेव्हाही खरं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि दुकानात कुणी न सांगणारी. शाई कुठल्या जातीची? डाय शाई कागदात विरघळून मुरते. ग्लॉसी कागदावर ती झगमगते, पण ऊन, पाणी आणि हवेतला ओझोन यांच्यापुढे कच्ची. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० वर काढलेल्या काही प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडल्या होत्या, कारण हवेने निळा रंग खाल्ला. त्यानंतर शाया आणि कागद खूप सुधारले, पण स्वभाव बदलला नाही. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसून राहतात आणि पुष्कळ जास्त टिकतात. पण घरच्या सहा टाक्यांच्या प्रिंटरमध्ये सहसा डायच असते. संपूर्ण पिगमेंट शाईसाठी कॅनॉन प्रो-३०० सारख्या दहा शायांच्या मशीनकडे जावं लागतं, आणि त्या मशीनला टाक्या नाहीत, पुन्हा कार्ट्रिज!

मी एक पोरकट प्रयोग केला. साध्या मॅट कागदावरची डायची प्रिंट आणि एका मित्राकडून आणलेली पिगमेंटची प्रिंट, दोन्ही न्हाणीघरात नळाखाली धरल्या. डायचा निळा-गुलाबी ओघळ बादलीत गेला. पिगमेंटचं फारसं बिघडलं नाही. तेव्हा आजीची बादली आठवली. तो जुना फोटो वाचला त्यातलं मर्म हेच. त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची, आणि असा कागद डार्करूममध्ये मुळातच पाण्यात धुऊन तयार होतो. आजीने त्याला नवीन काही केलंच नव्हतं.

मग मी काय घेतलं? सहा टाक्यांचा डायवालाच. पिगमेंट माझ्या खिशाबाहेर. पण आता नियम पाळतो. दर रविवारी चहाच्या वेळी एक तरी रंगीत फोटो छापायचा, म्हणजे हेड जागं राहतं. कागद पावसाळ्यात पिशवीत बंद ठेवायचा. प्रिंट एक दिवस वाळू द्यायची, मगच फ्रेम. काचेला फोटो चिकटू द्यायचा नाही, मध्ये माउंट हवा. आणि भिंत अशी निवडायची की जिथे ऊन पोचत नाही.

आणखी एक. 'प्रिंट काळपट येते' ही तक्रार करण्याआधी स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. स्क्रीन स्वतः उजळते, कागद बिचारा खिडकीतून येईल तेवढाच उजेड परत देतो. प्रिंटरला कागदाचा प्रकार बरोबर सांगितलाय का तेही बघा. माझ्या निम्म्या खराब प्रिंट तिथेच बिघडल्या होत्या. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ए-फोर करायला जाऊ नका. त्या आकाराला इंचाला तीनशे ठिपके या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. मूळ फाइल मागून घ्या.

आत्याचा फोटो चौथ्या प्रयत्नात जमला. पहिला लालसर, दुसरा काळा, तिसऱ्यात पदराचा रंग गेला. चौथा बघून ती म्हणाली, "हं. आता मी." तो आजोबांशेजारी लावलाय. डायचा आहे, दहा-पंधरा वर्षांत फिका पडेल, तेव्हा पुन्हा काढीन. फाइल तीन ठिकाणी आहे.

असो. भाच्याला एवढंच सांगितलं, की चारशेतले मनापासून आवडलेले फोटो निवड. ते लॅबमधून करेक्शन न करता काढून आण आणि आजीला दाखव. असं सहा महिने दर आठवड्याला जमलं तर प्रिंटर घ्यायला मी स्वतः येतो. नाही जमलं तर पैसे वाचले.

काल रात्री त्याचा मेसेज आला. "मामा, चारशेतले अकराच निघाले."

अकरा म्हणजे पुष्कळ झाले की!