कोल्ह्याचं नाव न घेता

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला दुकानात गेलेला मोठा माणूस बहुधा आधी शेवटचं पान उघडतो. तिथे तात्पर्य छापलेलं असलं की त्याला हायसं वाटतं. पैसे वाया जाणार नाहीत, मूल काहीतरी शिकेल. ते नसेल तर अंक, फळांची नावं, चांगल्या सवयी असलं काही शोधलं जातं. नुसतं गमतीचं पुस्तक घ्यायचं ते दुसऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाला. कडू गोळीवर साखरेचा थर असावा तेवढीच हसण्याची किंमत या निवडीत धरलेली असते. मला हा हिशेबच चुकीचा वाटतो. चांगल्या चित्रपुस्तकात मूल हसतं, कारण काहीतरी त्याला स्वतःला कळलेलं असतं, आणि ते कळणं शेवटच्या पानावर छापून देता येत नाही.

पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' हे 1968 सालचं इंग्रजी पुस्तक घ्या. सगळा मजकूर एका वाक्याचा, अवघ्या 32 शब्दांचा. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते, अंगण, तळं, गवताची गंजी, पिठाची गिरणी, कुंपण, मधमाश्यांच्या पेट्या असं करत जेवणाच्या वेळेला घरी परतते. शब्दांत एवढंच आहे. चित्रांत मात्र तिच्या मागे सुरुवातीपासून एक कोल्हा आहे आणि मजकुरात त्याचं नाव एकदाही येत नाही. तो झडप घालतो आणि नेमका दाताळ्यावर पडतो. दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसतो. पुढे तो तळ्यात पडतो, गंजीत बुडतो, पिठाने माखतो आणि शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. कोंबडी आपली डौलात चालते आहे. वाचून दाखवणाऱ्याची नजर अक्षरांवर खिळलेली, त्यामुळे कोल्ह्याची फजिती आधी दिसते ती ज्याला अजून वाचता येत नाही त्याला. झडप घालण्याआधीच्या चित्रात दाताळं दिसतं, मूल अंदाज बांधतं, पान उलटतं आणि अंदाज खरा ठरतो. शिवाय कोंबडीला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, हेही त्याला कळतं. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळी माहिती असू शकते, ही जाण साधारण चौथ्या वर्षाच्या सुमाराला पक्की होऊ लागते. ती जाण इथे फुकटात खेळायला मिळते. या पुस्तकाखाली 'नेहमी सावध राहा' असं तात्पर्य छापलं तर ते खोटंही ठरेल, कारण रोझी मुळीच सावध नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आहे: अशा अचाट गोष्टींनी खऱ्याखोट्याचा गोंधळ होईल. रशियन कवी कोर्नेई चुकोव्स्की यांच्या 'मगर' या कवितेत मगर शहरातून फिरते. 1928 साली लेनिनच्या पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया यांनी 'प्रावदा'मध्ये तिच्यावर कडक टीका केली. मुलांना मगरीच्या खऱ्या आयुष्याची माहिती द्यायची सोडून हा काय वेडगळपणा, असा त्यांचा सूर होता. (आपल्याकडच्या पालकसभेतही तो अनोळखी वाटणार नाही.) चुकोव्स्कींनी आपल्या 'दोन ते पाच' या पुस्तकात लहान मुलांच्या बोलण्याचे ढीगभर दाखले दिले आहेत. त्यातला एक त्यांच्याच दोन वर्षांच्या आतल्या मुलीचा. कुत्रा म्यांव करतो, असं ती येऊन सांगते आणि आपणच हसते. कुत्रा भुंकतो हे पक्कं ठाऊक असल्याशिवाय हा विनोद सुचत नाही. ज्याला कशाचाच भरवसा नाही, त्याला उलटंपालटं केलेलं जग हसवणार नाही, घाबरवेल.

मराठी मुलाला हे नवं नाही. घास भरवताना ऐकवली जाणारी चिमणी पावसात भिजणाऱ्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवते. आत बाळाची आंघोळ, पावडर, काजळ निवांत चाललेलं. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी वाघाला सरळसरळ फसवते. या गोष्टींना तात्पर्य शोधू गेलं तर निष्ठुरपणा आणि थाप एवढंच हाती लागेल, तरी पिढ्यान्‌पिढ्या आज्या त्या बिनदिक्कत सांगत आल्या. पुढे ज्ञानपीठ मिळवणाऱ्या विंदा करंदीकरांनाही 1963 साली 'एटू लोकांचा देश' लिहिताना कमीपणा वाटला नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. 'राधाचं घर'मध्ये अचाट काहीच घडत नाही, आहेत ती घरातलीच माणसं, पण ती मुलाच्या उंचीवरून पाहिलेली. तेव्हा कल्पकता म्हणजे पऱ्या आणि उडते घोडेच, असंही नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. चोवीस पानं, पानागणिक एक ओळ, पाच मिनिटांत संपलं! मोठ्यांचं संपतं. मूल तेच पुस्तक महिनाभर रोज मागतं, एक शब्द बदलला तर पकडतं. तरीही किंमत अडचणीची असेल तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा मोफत वाचता येतात. कमी शब्दांत भाषा काय शिकणार, या शंकेला 1957 सालचं डॉक्टर स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' उत्तर देतं. शाळेतली रटाळ, गुळगुळीत वाचनपुस्तकं मुलांना वाचनापासून दूर नेतात, अशी टीका अमेरिकेत 1954 साली जॉन हर्सी यांनी केली होती; तिच्या पाठोपाठ आलेलं हे पुस्तक केवळ 236 वेगवेगळ्या शब्दांत रचलेलं आहे आणि मुलं त्यावर वाचायला शिकली. त्याचा मराठी अनुवाद मात्र मी डोळे झाकून घेणार नाही. यमकावर उभा असलेला विनोद भाषांतरात बहुधा मरतो. दुकानात उभ्याउभ्या एक पान मोठ्याने वाचावं. वाक्य जिभेवर अडखळलं किंवा घरात कुणी बोलत नाही असं मराठी लागलं, तर चित्रं कितीही देखणी असोत, पुस्तक परत ठेवावं.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे: विनोदी म्हणून खपणारं सगळंच घेण्याजोगं नसतं. जाड्या मुलाचं पोट, तोतरं बोलणं, काळा रंग यांवर हसवणारी पुस्तकं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत कल्पनेचा पत्ता नसतो आणि हसणाऱ्याला काही ओळखावंही लागत नाही. कुणावर हसायचं ते आधीच ठरवून दिलेलं असतं. रोझीच्या गोष्टीत पडतो, भिजतो, पिठाने माखतो तो दात विचकून मागे लागलेला कोल्हा. त्याच्याकडे बोट दाखवायला मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.