अण्णांची मूठ

मराठीच्या प्राध्यापकाने धावरी मोटार घ्यावी, हे आमच्या गंगापूर रोडवरच्या शेजाऱ्यांना मुळीच रुचले नाही. ‘अलंकार शिकवणाऱ्याला एवढी पळणारी गाडी कशाला?’ असे एकाने तोंडावरच विचारले. पण वाचकहो, चाळिशी उलटली की माणसाला एखादे वेड लागतेच. मला पोलो जीटीचे लागले. चाकणला तयार होणाऱ्या पोलोचे हे टर्बो इंजिनाचे रूप २०१३ साली बाजारात आले. २०२२ मध्ये पोलोचे उत्पादनच थांबले. मी त्याआधी, २०१९ मध्ये, वापरलेली घेतली.

घरी आणताच अण्णांनी बॉनेट उघडायला लावले. त्यांचा सारा संसार प्रीमियर पद्मिनीत झालेला. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, माझे ११९७. पोट जवळजवळ तेवढेच, पण ताकद दुपटीहून अधिक – १०५ अश्वशक्ती! मी व्याख्यानच दिले : इंजिनातून वाया जाणारा धूर एक इवलीशी चक्री फिरवतो, ती चक्री जादा हवा आत कोंबते, म्हणून जादा पेट्रोल जळते.

‘म्हणजे उरलेल्या भाताचा फोडणीचा भात,’ अण्णा म्हणाले.

पहिली सहल अर्थातच सप्तशृंगीच्या गडावर. दिंडोरी, वणी मागे पडली आणि नांदुरीपासून घाट लागला. पायाचा अंगठा दाबायचा अवकाश, गाडी उसळी घेई. एक जीप मागे टाकली, मग दुसरी. ‘बघा, कशी उचलते!’ मी दर वळणाला म्हणत होतो. कोणी काही बोलत नव्हते. मला वाटले, मंडळी थक्क झाली आहेत.

वर २०१८ पासून रेल्वेसारखी ट्रॉली आहे. आईला पायऱ्या झेपत नाहीत म्हणून तिच्यात बसलो. तेवढ्यात चिमी म्हणाली, ‘बाबा, यात भीती नाही वाटत. गाडीत आजी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. आईनं माझा हात इतका दाबला की दुखला.’

सौ. खिडकीबाहेर पाहू लागली. मी अण्णांकडे पाहिले. डाव्या तळहातावर गाडीच्या दांडीचा लाल वळ उमटला होता. तासभर त्यांनी मूठ सोडली नव्हती.

दर्शन झाल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, ‘पद्मिनी घाटात तापायची, म्हणून थांबावंच लागायचं. ही तापत नाही. हिच्या वतीनं थांबणं आता तुलाच लक्षात ठेवायला हवं.’

उतरताना गिअर हाताने दुसऱ्यावर टाकला. इंजिनच गाडीला मागे ओढून धरू लागले. ब्रेकवर सारा भार पडेना. मागच्या जीपला खुशाल पुढे जाऊ दिले. चिमीने वानरे मोजली, आई सौ.शी दिवाळीच्या अनारशांबद्दल बोलू लागली. ताकद तीच होती. पण आता ती साऱ्या कुटुंबाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी फाटकातच गाठले. ‘काय प्राध्यापक, घाटात किती पळवलीत?’

म्हटले, ‘अण्णांना उतरणीवर झोप लागली, इतकी!’