आजारपण, थकलेला ईएमआय आणि कर्जासोबत आलेला विमा

गृहकर्ज किंवा पर्सनल लोन घेताना तुम्ही बऱ्याच कागदांवर सह्या केल्या असतील. त्यातली एखादी सही विम्याच्या अर्जावरही असू शकते. त्याचा प्रीमियम अनेकदा कर्जाच्या रकमेतूनच कापला जातो, त्यामुळे आपण विमा घेतला आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसते. पुढे कमावता माणूस आजारी पडतो, ईएमआय थकतात, दागिने गहाण पडतात, आणि पॉलिसी फाइलमध्ये तशीच राहते.

बँकांनी ग्राहकांच्या गळ्यात विमा मारण्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत जाहीरपणे बोट ठेवले: यामुळे कर्ज अप्रत्यक्षपणे महाग होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांत विम्याचा खर्च की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये वेगळा दाखवावा लागतो. हे चांगलेच झाले. पण किती पैसे गेले एवढेच त्यातून कळते. त्या पैशांत कोणता आजार बसतो, हे आजारी पडल्यावर कळते.

म्हणून आधी कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये प्रीमियमची नोंद शोधा आणि बँकेकडे ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ लेखी मागा. हा विमा बहुतेक वेळा ग्रुप पॉलिसीचा असतो आणि तुमच्या हातात फक्त हे सर्टिफिकेट येते. ते केवळ जीवन विम्याचे असेल तर आजारपणात काही मिळणार नाही. अपघात विमा असेल तरी नाही. नोकरी गेल्यास काही महिन्यांचे हप्ते भरणारे कलम काही पॉलिसींत असते, पण स्वतःहून राजीनामा दिल्यास ते सहसा लागू होत नाही. तब्येतीमुळे नोकरी सोडायचा विचार असेल, तर राजीनामा देण्याआधी ते कलम वाचा. ‘क्रिटिकल इलनेस’ हे शब्द दिसले, तर मात्र पुढचे नीट वाचा.

आजाराचे नाव पुरेसे नाही

क्रिटिकल इलनेस विम्यात आजाराला ठरलेल्या तीव्रतेची अट असते. मुख्य आजारांच्या व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिल्या आहेत. पक्षाघातात मज्जासंस्थेची हानी किमान तीन महिने टिकलेली दिसावी लागते. काही तासांत बरा झालेला झटका चालत नाही. किडनीसाठी दोन्ही किडन्या कायमच्या निकामी झालेल्या असाव्या लागतात. पावसाळ्यात लेप्टो झाला, चार वेळा डायलिसिस झाले आणि माणूस बरा झाला, तर हा क्लेम बसत नाही. कर्करोगात अगदी सुरुवातीची, न पसरलेली अवस्था वगळलेली असते.

सर्वांत जास्त गोंधळ हृदयविकारात होतो. बायपासच्या कलमात अँजिओप्लास्टी वगळलेली असते, म्हणून ‘आमची तर अँजिओप्लास्टी झाली’ म्हणत लोक क्लेमच करत नाहीत. पण अँजिओप्लास्टी हार्ट अटॅक आल्यामुळे झाली असेल, तर ‘पहिला हार्ट अटॅक’ हे वेगळे कलम पाहा. त्यासाठी छातीत दुखल्याची नोंद, ईसीजीतले नवे बदल आणि वाढलेले ट्रोपोनिन लागते. डिस्चार्ज समरीत फक्त ‘ब्लॉकेज, स्टेंट टाकला’ एवढेच लिहिले असेल, तर विमा कंपनीला अटॅक दिसणारच नाही. ईसीजी आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट मागून घ्या आणि अटॅकचे निदान समरीत स्पष्ट लिहायला सांगा.

दुसरी जागा म्हणजे ‘पूर्वीचे आजार’ हा रकाना. ॲडमिशनच्या धावपळीत कोणी नातेवाईक ‘शुगर आहे, असेल आठ-दहा वर्षांपासून’ असे बोलून जातो आणि तेच समरीत उतरते. मधुमेह प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वी, म्हणजे कर्जानंतर कळला असेल, तर त्या एका वाक्यावर क्लेम अडतो. घरी जाण्यापूर्वी समरी वाचा. चूक असेल तर जुने रिपोर्ट दाखवून दुरुस्त करून घ्या. खरे मात्र बदलायला सांगू नका; आम्ही डॉक्टरांनी ते करू नये, आणि केले तर तुमचाच क्लेम बुडतो.

क्लेम विचाराधीन असला तरी ईएमआय थांबत नाही. उत्तराची वाट पाहत हप्ता गुपचूप थांबवणे फार महागात पडते: 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते एनपीए होते. त्याआधीच वैद्यकीय कागद जोडून बँकेला लेखी कळवा, मुदतवाढ किंवा हप्त्यांची फेररचना मागा आणि पोच घ्या. वसुली एजंट सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी वाजणाऱ्या फोनबद्दल हे लक्षात असू द्या.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. 2024 च्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग 60 महिने चालू असेल, तर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. जीवन विम्यात ही मुदत तीन वर्षांची आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. तक्रार कशी करायची हे आयआरडीएआयच्या 155255 या क्रमांकावर विचारता येते.

आजारपणाच्या गडबडीत क्लेम कळवायची मुदत उलटली असेल, तरीही अर्ज करा. उशिरामागे खरे कारण असेल तर निव्वळ उशिरावर बोट ठेवून क्लेम नाकारू नये, असे आयआरडीएआयने 2011 मध्येच कंपन्यांना सांगितले आहे. आयसीयूच्या तारखा असलेला कागद अर्जाला जोडा.